‘कंपनी’ शब्दाची कुळकथा

एखादा परभाषेंतील शब्द घरांत येऊन इतका रुळतो कीं, त्याचें परकेपण कोणाच्या ध्यानींही राहत नाहीं. ‘कंपनी’ हा इंग्रजी शब्द मराठींत असाच रुळला आहे. मुलगा कोठें नोकरीस आहे असें विचारलें तर ‘एका कंपनींत’ असें उत्तर मिळतें. दुकानाच्या पाटीवर मालकाच्या नांवापुढें ‘आणि कंपनी’ हीं अक्षरें असतात. सैन्यांत पलटणीच्या एका भागास कंपनी म्हणतात. नाटकाच्या वेडानें झपाटलेल्या पिढ्यांनीं ‘किर्लोस्कर कंपनी’ आणि ‘गंधर्व कंपनी’ हीं नांवें मोठ्या प्रेमानें घेतलीं. इतिहासाच्या पुस्तकांत ‘कंपनी सरकार’ भेटतें. आणि शहरांतील एखादा तरुण आपल्या मित्रास ‘चहाला कंपनी दे’ असें म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत पेढी, पलटण, नाटक किंवा सरकार यांपैकीं कांहींच नसतें. त्याला नुसती सोबत हवी असते.

व्यापारी पेढी, शिपायांची तुकडी, नटांचा संच, परकें सरकार आणि मित्राची सोबत या पांच गोष्टी एकाच शब्दाच्या पोटांत आल्या कशा? कोशकार हे अर्थ आंकडे घालून एकाखालीं एक मांडतो आणि मोकळा होतो. परंतु शब्दाचे अर्थ भिंतीवर ठोकलेल्या खुंट्यांप्रमाणें सुटे नसतात. एका खोडाच्या फांद्यांप्रमाणें ते एकांतून एक फुटत जातात. ‘कंपनी’च्या झाडाचें मूळ शोधीत मागें गेलें, तर तें बाजारपेठेंत सांपडत नाहीं आणि छावणींतही सांपडत नाहीं. तें सांपडतें जेवणाच्या पंगतींत.

लॅटिन भाषेंत ‘कुम्’ म्हणजे सह, बरोबर. आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी किंवा पाव. या दोहोंपासून ‘कोम्पानिओ’ हा शब्द झाला. ज्याच्याबरोबर आपण भाकरी खातों तो ‘कोम्पानिओ’. सिसरोच्या अभिजात लॅटिनमध्यें हा शब्द आढळत नाहीं. रोमचें साम्राज्य ढांसळल्यानंतर फ्रँक लोकांनीं आपले रूढ कायदे लॅटिनमध्यें लिहून काढले. त्या ‘सालिक कायद्या’च्या लेखांत, इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास, तो प्रथम दिसतो. भाषाशास्त्रज्ञांचें मत असें आहे कीं, हा लॅटिन शब्द जर्मानिक टोळ्यांच्या बोलींतील एका शब्दाच्या सांच्यावर घडविलेला आहे. चौथ्या शतकांत वुल्फिला या धर्मगुरूनें गॉथिक भाषेंत बायबलचें भाषांतर केलें. त्यांत सोबत्यासाठीं ‘गह्लैबा’ असा शब्द आहे. ‘ग’ म्हणजे सह आणि ‘ह्लैफ्स’ म्हणजे भाकरी. याच ‘ह्लैफ्स’चा इंग्रजी भाऊबंद म्हणजे ‘लोफ’. घोड्यावर बसून मुलूख पालथे घालणाऱ्या त्या लोकांना मित्राची याहून चांगली व्याख्या सुचली नाहीं. आणि खरोखर, ती सुचण्यास जागाही नाहीं.

‘कोम्पानिओ’पासून जुन्या फ्रेंचमध्यें ‘कोंपान्यी’ झालें, आणि १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर जे फ्रेंच शब्द त्या बेटांत शिरले त्यांच्याबरोबर तेंही तेराव्या शतकांत इंग्रजींत आलें. घरांत धान्य-भाकरी ठेवण्याच्या कोठीस इंग्रजींत ‘पँट्री’ म्हणतात, तोही ‘पानिस’चाच वंशज. एवढेंच नव्हे, तर या घराण्याचा एक नातलग महाराष्ट्रांत आणि गोव्यांत कंपनीच्या आधींच येऊन राहिला होता. ‘पानिस’चें पोर्तुगीज रूप ‘पांव’. त्यापासून आपला ‘पाव’. (चतुर्थांश या अर्थाचा पाव निराळा; तो संस्कृत ‘पाद’ शब्दापासून आलेला आहे.) गोव्याचा पोदेर सकाळीं टोपलींत घेऊन येतो तो पाव आणि मुंबईच्या कचेरीच्या दारावर पितळी अक्षरांत झळकणारी कंपनी हे दोघे एकाच आजोबांचे नातू आहेत, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

सहभोजनावरून सोबतीचें नातें ओळखण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. वैदिक भाषेंत ‘सग्धि’ हा शब्द एकत्र जेवण्यासाठीं आणि ‘सपीति’ हा एकत्र पिण्यासाठीं आहे. रुद्राच्या चमकांत मागण्यांच्या लांबलचक यादींत हे दोन्ही येतात. मराठींत ‘एका पंगतीला बसणें’ म्हणजे बरोबरीचें नातें मान्य करणें. पण पंगत या शब्दाला दोन धारा आहेत. पंगत म्हटली कीं तिच्या आंत बसलेले आले, तसे तिच्याबाहेर ठेवलेलेही आले. पंक्तिभेद, पंक्तिव्यवहार, अपांक्तेय, वाळीत टाकणें हे शब्द त्याची साक्ष देतात. ‘कंपनी’ शब्दाची सारी कथा वस्तुतः याच एका प्रश्नाची कथा आहे: भाकरी कोणाची, ती वाटून घेणारे कोण, आणि पंगतीबाहेर कोण?

इंग्रजी भाषेच्या जुन्या थरांत भाकरीवरून ओळखलें जाणारें आणखी एक नातें दडलेलें आहे. ‘लॉर्ड’ हा भारदस्त शब्द मुळांत ‘ह्लाफवेअर्द’, म्हणजे भाकरीचा राखणदार, असा होता. ‘लेडी’ म्हणजे ‘ह्लाफ-दीगे’, भाकरीची कणीक मळणारी. आणि इ. स. ६०० च्या सुमारास केंटचा राजा एथेलबर्ट यानें जे कायदे केले, त्यांत आश्रितासाठीं ‘ह्लाफ-एता’, म्हणजे भाकरी खाणारा, असा शब्द आहे. एक भाकरी राखतो, दुसरी ती मळतें, तिसरा मिळेल ती खातो. या तिघांचें नातें बरोबरीचें नाहीं. परंतु त्यांत एक जबाबदारी आहे. जो राखणदार म्हणवितो त्यानें खाणाऱ्यास उपाशी ठेवतां कामा नये. उलट ‘कंपनी’ या शब्दांत राखणदार नाहीं आणि आश्रितही नाहीं. तेथें सारेच वांटेकरी. हीं दोन नातीं ध्यानांत ठेवलीं म्हणजे पुढील इतिहास उलगडत जातो.

मध्ययुगांत ज्या ज्या लोकांना घर सोडून एकत्र राहावें, एकत्र जेवावें आणि मिळकत वांटून घ्यावी लागे, त्या त्या लोकांच्या समूहास हा शब्द चिकटला. इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत बार्दी आणि पेरुत्सी यांसारख्या सावकारी घराण्यांच्या पेढ्यांना ‘कोंपाञ्ञिया’ म्हणत. भाऊ, चुलते आणि विश्वासू भागीदार यांचें भांडवल एक, नफा एक आणि तोटाही एक. पेढी बुडाली तर भागीदाराचें घरदार सुद्धां देणेकऱ्यांच्या हातीं जाई. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड यास या दोन्ही पेढ्यांनीं प्रचंड कर्जें दिलीं. तो पैसा परत आला नाहीं, इतरही संकटें कोसळलीं, आणि १३४३ सालीं पेरुत्सी व १३४६ सालीं बार्दी यांचें दिवाळें वाजलें. त्या वेळच्या कंपनींत भाकरी वांटून घेत, तशी उपासमारही वांटून घ्यावी लागे.

लंडन शहरांत निरनिराळ्या धंद्यांचे संघ होते, त्यांनीही हेंच नांव घेतलें. सराफांच्या कंपनीस १३२७ सालीं आणि उंची कापडाच्या व्यापाऱ्यांच्या कंपनीस १३९४ सालीं राजाची सनद मिळाली. मालाचा दर्जा राखणें, उमेदवारांना धंदा शिकविणें, संघांतील विधवा-पोरक्यांना साहाय्य करणें हीं त्यांचीं कामें. परंतु अनेक संघांचें एक मोठें सभागृह असे आणि त्यांत ठरलेल्या दिवशीं सर्व सभासदांचें जेवण होई. या कंपन्यांपैकीं अनेक आजही लंडनमध्यें आहेत आणि त्यांच्या मेजवान्याही चालू आहेत.

दुसरी फांदी छावणीकडे गेली. चौदाव्या शतकांत इटलींतील नगरराज्यें पैसे देऊन लढवय्यांच्या टोळ्या चाकरीस ठेवीत. त्या टोळ्यांनाही कंपनीच म्हणत. जॉन हॉकवुड हा इंग्रज अशाच ‘व्हाइट कंपनी’चा नायक होता. तो १३९४ सालीं वारला. १४३६ सालीं पाओलो उचेल्लो यानें रंगविलेलें त्याचें घोड्यावरचें भव्य चित्र फ्लॉरेन्सच्या मुख्य देवळाच्या भिंतीवर अजून आहे. पुढें खड्या फौजा आल्या तेव्हां एका कॅप्टनच्या हाताखालील शेंदीडशें शिपायांच्या तुकडीस तेंच नांव राहिलें. तिसरी फांदी रंगभूमीकडे गेली. १५९४ सालीं लंडनमध्यें जी नाट्यमंडळी उभी राहिली आणि जींत शेक्सपिअर होता, तिच्यांतील प्रमुख नट हे पगारी चाकर नव्हते; ते भागीदार होते आणि खेळाचें उत्पन्न आपसांत वांटून घेत. १६०३ सालीं राजाश्रय मिळून तिला ‘किंग्ज मेन’ असें नांव मिळालें. व्यापारी, शिपाई आणि नट यांना एकाच नांवाखालीं आणणारा धागा तो हा. त्यांच्यांत दुसरें कांहींच समान नव्हतें. समान होती ती वांटून खाण्याची भाकरी.

आतां हिंदुस्थानाच्या दैवाशीं निगडित झालेल्या कंपनीकडे वळावें. ३१ डिसेंबर १६०० रोजीं राणी एलिझाबेथ हिनें लंडनच्या २०० हून अधिक गृहस्थांना पूर्वेकडील व्यापाराची सनद १५ वर्षांसाठीं दिली. सनदेंतील नांव ‘पूर्व इंडीजमध्यें व्यापार करणाऱ्या लंडनच्या व्यापाऱ्यांचे गव्हर्नर आणि कंपनी’ असें होतें. आरंभीं ही कंपनी नांवाप्रमाणेंच वागे. प्रत्येक सफरीसाठीं निराळी वर्गणी जमे. जहाजें परत आलीं, मिरीं-मसाला विकला, कीं हिशोब करून भांडवल आणि नफा वांटून टाकीत. जणूं एक जेवण झालें आणि पंगत उठली. पुढें कांहीं वर्षांसाठीं एकत्र भांडवल ठेवण्याची रीत पडली आणि १६५७ सालीं क्रॉम्वेलच्या सनदेनें भांडवल कायमचें झालें. आतां भागीदार येवोत वा जावोत, भाग विकले जावोत वा विकत घेतले जावोत, कंपनी मात्र उठेना. एकमेकांचें तोंडही न पाहिलेले लोक ‘एका भाकरीचे सोबती’ झाले. शब्दाच्या आयुष्यांतील हें मोठें वळण होय.

सुरतेस १६१३ सालीं इंग्रजांची वखार स्थापन झाली. तेथें मात्र शब्दाचा मूळ अर्थ अजून जिवंत होता. जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री १६८९ सालीं सुरतेस आला होता. त्याचें प्रवासवर्णन १६९६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत वखारींतील जेवणाचें वर्णन आहे. वखारीचे सर्व इंग्रज नोकर एका मेजावर जेवत, हुद्याच्या क्रमानें बसत, आणि स्वयंपाकास इंग्रज, पोर्तुगीज व हिंदी असे तीन प्रकारचे आचारी होते. खर्च कंपनीचा. म्हणजे लंडनच्या कंपनीची ही सुरतेंतील पंगत खरीखुरी पंगत होती.

परंतु हे सोबती नुसते व्यापारी नव्हते, हें महाराष्ट्राला लवकरच कळून आलें. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हां राजापूरच्या वखारीचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीस गेले. शिवाजी महाराजांनीं १६६१ सालीं राजापुरावर चाल करून वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सोबती यांस कैद केलें. त्यांची सुटका १६६३ सालीं झाली. १६६८ सालीं राजा दुसरा चार्ल्स यानें मुंबई बेट वार्षिक १० पौंड भाड्यानें कंपनीच्या हवालीं केलें. बेटावर राजाचे जे शिपाई होते ते कंपनीच्या चाकरींत आले. पेढीची कंपनी आणि पलटणीची कंपनी या दोन जुन्या बहिणी मुंबईच्या किल्ल्यांत अशा रीतीनें एका छपराखालीं नांदूं लागल्या.

मराठी कागदपत्रांत या परक्या शब्दानें ‘कुंपणी’ किंवा ‘कुंपिणी’ असें रूप घेतलें. मराठी कानाला त्यांत कुंपण ऐकूं आलें असल्यास नवल नाहीं. जन्मानें या दोन शब्दांचें कांहींएक नातें नाहीं. परंतु वखारीभोंवतीं भिंत, भिंतीवर तोफा, आणि मग त्या तोफांच्या आश्रयानें शेजारच्या मुलखावर हक्क, हा क्रम पाहिला म्हणजे ‘कुंपणच शेत खातें’ ही मराठी म्हण आपोआप आठवते. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, म्हणजे सनदेच्या तारखेसच, बरोबर २०२ वर्षांनीं, बाजीराव पेशव्यानें वसईच्या तहावर सही केली. त्या तहांत समोरचा पक्ष इंग्लंडचा राजा नव्हता. तो एक व्यापारी कंपनी होता. सोळा वर्षांनीं, १८१८ सालीं, त्याच कंपनीनें पेशवाई बुडविली. १८३५ पासून पडूं लागलेल्या रुपयाच्या एका बाजूस विल्यम राजाचा मुखवटा असे आणि दुसऱ्या बाजूस ‘ईस्ट इंडिया कंपनी’ हीं अक्षरें असत. राजा आणि दुकानदार एकाच नाण्याच्या दोन बाजूंना बसले होते.

दुकानदार राजा झाला म्हणजे भाकरीचें काय होतें, हें बंगालनें आधींच अनुभवलें होतें. १७६५ सालीं कंपनीनें मोगल बादशहा शाह आलम याच्याकडून बंगाल, बिहार व ओरिसा या प्रांतांची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा अधिकार मिळविला. १७६९-७० मध्यें पाऊस फसला आणि भयंकर दुष्काळ पडला. १७७२ सालीं बंगालचा गव्हर्नर झालेला वॉरन हेस्टिंग्ज यानें लंडनला लिहिलेल्या पत्रांत निदान एकतृतीयांश रहिवासी मेल्याचा अंदाज दिला आहे. त्याच पत्रांत तो सांगतो कीं, १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ च्या वसुलीहूनही अधिक झाली. ती कशी झाली हेंही त्यानें लपविलेलें नाहीं. ‘नाजाई’ नांवाची एक पट्टी होती: जे शेजारी मेले किंवा परागंदा झाले त्यांचा बुडालेला सारा मागें उरलेल्यांवर बसवावयाचा. सोबत्यांनीं भाकरी वांटून घ्यावी, असा ज्या शब्दाचा अर्थ, त्या नांवाच्या संस्थेच्या राज्यांत मृताचें देणें जिवंतांत वांटलें गेलें. लंडनच्या भागीदारांचा लाभांश याच सुमारास शेंकडा साडेबारापर्यंत चढला होता.

येथें दोन्ही नात्यांचा घात झाला. बंगालचा शेतकरी कंपनीच्या पंगतींत नव्हता. तो भागीदार नव्हता, म्हणून त्यास वांटा नाहीं. आणि कंपनीनें राज्य घेतलें तरी राखणदाराचें, म्हणजे ‘लॉर्ड’ शब्दाच्या मूळ अर्थाचें, कर्तव्य तिनें अंगीकारिलें नाहीं. ॲडम स्मिथ यानें १७७६ सालच्या आपल्या प्रख्यात ग्रंथांत हेंच दाखविलें कीं, व्यापारी आणि राज्यकर्ता या दोन भूमिका एका ठिकाणीं नांदूं शकत नाहींत. व्यापाऱ्याचें हित माल स्वस्त घेण्यांत, तर राज्यकर्त्याचें हित प्रजा सुखी असण्यांत. स्वतः कंपनीलाही हें राज्य पचलें नाहीं. १७७२ सालीं तिला सरकारपुढें हात पसरावा लागला. १७७३ सालीं पार्लमेंटनें १४ लाख पौंडांचें कर्ज दिलें आणि तिच्या कारभारावर प्रथमच कायद्यानें अंकुश घातला.

पुढील हकीकत याहूनही चमत्कारिक आहे. १८१३ सालीं हिंदुस्थानाशीं व्यापार करण्याचा कंपनीचा मक्ता गेला आणि १८३३ च्या कायद्यानें तिचा उरलासुरला व्यापारही बंद झाला. म्हणजे व्यापाऱ्यांची कंपनी होती, पण व्यापार नव्हता. तरीही भागीदारांच्या ताटांतील भाकरी हलली नाहीं. त्यांना शेंकडा साडेदहा लाभांश, एकूण दरसाल ६ लाख ३० हजार पौंड, मिळत राहावा, आणि तो हिंदुस्थानच्या वसुलींतून द्यावा, असें त्याच कायद्यानें ठरलें. मुदत ४० वर्षांची. १८५७ चा उठाव झाला, १८५८ सालीं राज्य कंपनीच्या हातून राणीच्या हातीं गेलें, १८६१ सालीं लंडनचें ‘ईस्ट इंडिया हाउस’ पाडण्यांत आलें, तरी लाभांश चालूच होता. शेवटीं मुदत भरल्यावर प्रत्येक १०० पौंडांच्या भागास २०० पौंड या दरानें भाग परत घेण्याचें ठरलें आणि १ जून १८७४ रोजीं कंपनी कायद्यानें विसर्जित झाली. नांगर धरणारे हात एका खंडांत आणि जेवणारे दुसऱ्या खंडांत, अशी ती पंगत इतकीं वर्षें चालली होती.

ही कंपनी गेली तरी तिची जात वाढत होती. इंग्लंडांत १७२० सालीं ‘साउथ सी’ कंपनीचा फुगा फुटून हजारों घरें बुडालीं, तेव्हांपासून सामाईक भांडवलाच्या कंपन्यांकडे संशयानें पाहत. पण आगगाड्या आणि गिरण्या यांना एकट्यादुकट्याचें भांडवल पुरेना. १८५५ सालीं इंग्लंडांत भागीदाराची जबाबदारी त्याच्या भागापुरतीच मर्यादित करणारा कायदा झाला, आणि १८५७ सालीं तेंच तत्त्व हिंदुस्थानांतही आलें. नांवापुढील ‘लिमिटेड’ या शब्दाचा अर्थ तो हा. त्याचा उपयोग मोठा झाला यांत शंका नाहीं. मुंबईची कापडगिरणी उभारण्यासाठीं कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी काढली. तिच्यामागून ज्या अनेक गिरण्या निघाल्या त्यांना थोडें थोडें भांडवल घालणारे शेंकडों लोक मिळूं शकले ते या सोयीमुळेंच. परंतु फ्लॉरेन्सच्या पेढ्यांशीं तुलना केली तर फरक डोळ्यांत भरतो. भाकरी वांटून घेण्याची रीत राहिली. उपास वांटून घेण्याची रीत गेली.

१८९६ सालीं लंडनमध्यें एका निवाड्यानें या प्रवासाचा पुढचा टप्पा गांठला. ॲरन सॅलोमन नांवाच्या जोडे करणाऱ्या व्यापाऱ्यानें आपल्या धंद्याची कंपनी केली होती. कायद्याप्रमाणें सात सभासद हवेत, म्हणून त्यानें बायको, एक मुलगी आणि चार मुलगे यांना एक एक भाग दिला. बाकीचे सारे भाग स्वतःचे. धंदा बुडाला तेव्हां सावकार म्हणाले कीं, ही कंपनी म्हणजे सॅलोमन स्वतःच. हाउस ऑफ लॉर्ड्सनें मात्र निकाल दिला कीं, कायद्यानें जन्मलेली कंपनी ही तिच्या सभासदांहून निराळी अशी एक स्वतंत्र व्यक्ति आहे. गंमत अशी कीं, त्या सात सभासदांइतकें एका मेजावर जेवणारें मंडळ दुसरें कोणतेंही नव्हतें. पण नेमक्या त्यांच्याच खटल्यांत कंपनी आणि माणसें यांची कायमची फारकत झाली. आतां कंपनी ही करार करणारी, कर्ज काढणारी, फिर्याद लावणारी एक व्यक्ति झाली. मात्र तिला पोट नाहीं. आणि भारताच्या २०१३ च्या कायद्यानें तर एकाच माणसाची कंपनीही मान्य केली आहे. दोघांनीं भाकरी वांटून खाणें या अर्थानें निघालेला शब्द एकट्यानें जेवावयास बसणाऱ्याच्या पाटीपर्यंत येऊन पोंचला.

मग मूळ अर्थ अजिबात नाहींसा झाला काय? तसें म्हणतां येत नाहीं. महाराष्ट्रांत विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस नाटकाचा पाया घातला आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आलें. या संस्थांनीं आपणांस ‘मंडळी’ असें नांव घेतलें. लोक मात्र त्यांना ‘कंपनी’ म्हणत. गांवोगांव बिऱ्हाड हलविणाऱ्या या संस्थांत आचारी बरोबर असत आणि नट, वादक व पडदे ओढणारे कंपनीच्याच स्वयंपाकावर जेवत. तेथें इंग्रजी शब्द आपल्या मूळ अर्थाला, कोणाच्या ध्यानींमनीं नसतांना, पुन्हां येऊन मिळाला. १९२९ सालीं कोल्हापुरास जन्मलेल्या ‘प्रभात फिल्म कंपनी’च्या नांवांत तो चित्रपटसृष्टींतही शिरला.

आणि मराठीच्या स्वतःच्या ‘मंडळी’ या शब्दाकडे पाहावें. मंडल म्हणजे वर्तुळ. घरीं आलेले पाहुणे ती मंडळी, नटांचा संच ती मंडळी, पेढीच्या पाटीवर ‘आणि मंडळी’, आणि जुन्या वळणाचा गृहस्थ आपल्या पत्नीचा उल्लेख करी तोही ‘आमची मंडळी’ असाच. इंग्रजांच्या ‘कंपनी’नें भाकरीवरून जें गोळा केलें, तेंच मराठीनें वर्तुळावरून गोळा केलें. दोन दूरच्या भाषांना एकच गोष्ट जाणवली होती: माणूस एकटा पुरा पडत नाहीं.

म्हणून ज्या पाटीवर ‘आणि कंपनी’ हीं अक्षरें आहेत, तिच्याकडे पाहतांना त्या शब्दाचा जुना प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे. येथें भाकरी कोण मिळवितो, ती वांटतो कोण, आणि तोट्याच्या दिवशीं उपाशी कोण राहतो? १७७० सालीं हा प्रश्न बंगालच्या खेड्यांत विचारणारा कोणी नव्हता, आणि लंडनमध्यें त्याचें उत्तर देण्यास कोणी बांधलेला नव्हता. शब्द आपला अर्थ विसरतो तेव्हां केवळ कोशाचें नुकसान होतें असें नाहीं. पंगतीबाहेर राहिलेल्या माणसाचेंही होतें. एखादा मित्र ‘जरा कंपनी दे’ म्हणून चहाचा अर्धा पेला पुढें सरकवितो, तेव्हां तो नकळत या शब्दाचा चौदाशें वर्षांपूर्वींचा अर्थच बोलत असतो.